कमी विजेवर चालणारा घरचा मीडिया सर्व्हर : लग्नाच्या व्हीसीडी, नाटकं, फोटो सगळं एका जागी कसं आणावं?

हळदीपेठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

माल काय आहे ते आधी सांगतो. ताईच्या लग्नाची व्हीएचएस, जिची फोटोवाल्यानं नंतर डीव्हीडी करून दिली होती, माझ्या मुंजीची व्हीसीडी, बाबांनी हौसेनं जमवलेल्या मराठी नाटकांच्या व्हीसीडीचा एक अख्खा खोका (एकेक नाटक दोन-तीन चकत्यांवर), काकांच्या कीर्तनाच्या कॅसेटींवरून केलेल्या एमपी३, आणि घरातल्या सगळ्या फोनमधले फोटो. गुगलनं १ जून २०२१ पासून फुकट अमर्याद फोटो ठेवणं बंद केलं तेव्हापासून १५ जीबी भरली की आई रोज मला "जागा संपली म्हणतंय" करून फोन दाखवते.

मला हवंय असं की हे सगळं घरात एका डब्यात असावं, हॉलमधल्या टीव्हीवर, आतल्या खोलीतल्या टीव्हीवर आणि आईच्या टॅबवर दिसावं, आणि जमलंच तर स्टुटगार्टला असलेल्या ताईलाही. चोवीस तास चालू राहणार म्हणून वीज कमी खाल्ली पाहिजे, नाहीतर बाबा रात्री उठून स्विच बंद करणार हे नक्की. चौथ्या पिढीचा आय-३ डेस्कटॉप घरात पडून आहे. तो वापरू, रास्पबेरी पाय (तळहाताएवढा छोटा संगणक) घेऊ, की तयार नॅस (नेटवर्कला जोडायची डिस्कची पेटी)? आमच्याकडे सांगलीत लाइट अधूनमधून जाते हेही लक्षात घ्या.

रुमालवाला

रुमाल टाकून ठेवतो. माझ्याकडेही असाच खोका आहे.

खडूसमास्तर

एवढं कशाला? सगळं एका हार्ड डिस्कवर टाका आणि टीव्हीच्या मागं खोचा. शून्य खर्च, शून्य अक्कल. हल्ली जो तो घरात सर्व्हर मांडून बसतो आणि बघतो शेवटी यूट्यूबच.

हळदीपेठ

मास्तर, ते करून झालंय :) दोन टीव्ही आहेत, डिस्क एक. त्यात आतल्या टीव्हीच्या यूएसबीला डिस्क फिरवण्याइतका करंट मिळत नाही, नुसती टकटक करते. आणि व्हीसीडीच्या डॅट फाइल तो टीव्ही ओळखतच नाही. फोटोंचं तर त्यातून काहीच सुटत नाही.

सर्किटकाकू

मास्तरांचा उपाय एका टीव्हीच्या घराला बरोबर आहे, उगाच हसू नका त्याला.

हळदीपेठ, आधी हिशोब. एक वॉट वर्षभर चोवीस तास जळला की ८.७६ युनिट होतात, हा आकडा पाठ करून ठेवा, बाकीच्या वादात पडायची गरज नाही. तुमचा डेस्कटॉप काहीही न करता ४०-५० वॉट खाणार, ५० धरले तर महिन्याला साडेछत्तीस युनिट, वर्षाला ४३८. महावितरणचे घरगुती टप्पे ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० असे आहेत आणि ही जास्तीची युनिटं कायम तुमच्या सगळ्यात वरच्या टप्प्यात जाऊन बसतात, म्हणजे सरासरी दरानं नाही तर तुमच्या सगळ्यात महाग दरानं पडतात. हे लोक धरतच नाहीत. तेच ८ वॉटचं यंत्र ठेवलंत तर महिन्याला सहा युनिटांच्या आत काम होतं.

आता यंत्र कुठलं. रास्पबेरी पाय ४ नुसता बसलेला असतो तेव्हा ३ वॉटच्या आसपास घेतो. इंटेल एन-१०० वाले मिनी पीसी (२०२३ च्या सुरुवातीला आलेली चिप, कागदावर ६ वॉट) प्लगपाशी मोजले तर ६ ते १० च्या मध्ये कुठेतरी दिसतात, ब्रँड आणि बायॉसवर अवलंबून. तिसरा मार्ग म्हणजे ऑफिसांतून निघालेले छोटे पीसी, थिंकसेंटर टायनी, ऑप्टिप्लेक्स मायक्रो, एलिटडेस्क मिनी वगैरे, लॅमिंग्टन रोडला भरपूर मिळतात, ते साधारण १० वॉटवर बसतात. त्यात सहावी पिढी नको, सातवी बघा. सातव्या पिढीपासून १० बिटचं एच-२६५ (व्हिडिओ दाबून साठवायची एक पद्धत, एच-२६४ ही तिची आधीची) हार्डवेअरमध्ये होतं, सहावीत फक्त ८ बिटचं. दुकानदार दोन्ही "सेमच आहे मॅडम" म्हणून देतो.

पायथागोरस

पाय ५ घ्या की सरळ. ४ पेक्षा दुप्पट-तिप्पट वेगवान आहे, पीसीआय एक्सप्रेस आहे, एनव्हीएमई (वेगवान एसएसडी) लागते. अजून काय पाहिजे?

सर्किटकाकू

पाय ५ यंत्र चांगलं आहे, पण या कामाला नेमकं उलटं. पाय ४ मध्ये एच-२६४ चा हार्डवेअर एन्कोडर होता, ५ मध्ये तो काढून टाकलाय. जेलीफिन (घरच्या मीडिया सर्व्हरचं फुकट सॉफ्टवेअर) वाल्यांनीही पायवरचं हार्डवेअर एन्कोडिंग वापरू नका असंच लिहून ठेवलंय. म्हणजे फाइल बदलून पाठवायची वेळ आली की सगळा भार सीपीयूवर. शिवाय ५ ला ५ व्होल्ट ५ अँपिअरचा अडॅप्टर हवा, घरातला मोबाइलचा चार्जर लावलात तर तो यूएसबीचा करंट ६०० मिलिअँपिअरवर आवळतो आणि मग डिस्क टकटक.

पायथागोरस

बरोबर आहे काकू, अडॅप्टरचं मान्य. पण पाय ४ चीही रड तीच आहे हो, चारही यूएसबी मिळून १.२ अँपिअर. एक अडीच इंची डिस्क चालते, दुसरी लावली की पहिलीही पडते, स्वतंत्र अडॅप्टरवाला हब लागतो. आणि एसडी कार्डावर सिस्टिम ठेवू नका, यूएसबी एसएसडीवरून बूट करा, कार्डं सतत लिहून लिहून मरतात. काही सॅटा-यूएसबी केबलींचं यूएएस मोडशी (यूएसबी डिस्कशी वेगानं बोलायची पद्धत) पटत नाही, डिस्क मध्येच गायब होते, तेव्हा त्या केबलपुरता यूएएस बंद करावा लागतो.

विंडोज_अठ्ठ्याण्णव

मला एक कळत नाही, फाइल नुसती पाठवायची तर एवढा एन्कोडर-डिकोडर कशाला लागतो?

सर्किटकाकू

हाच खरा प्रश्न आहे आणि याचं उत्तर कळलं की निम्मा खर्च वाचतो.

टीव्हीला फाइल जशीच्या तशी समजली तर सर्व्हर ती नुसती पुढे सरकवतो. त्याला डायरेक्ट प्ले म्हणतात, त्यात सीपीयू जवळजवळ झोपलेला असतो. टीव्हीला व्हिडिओचा प्रकार कळला नाही, ऑडिओ डीटीएस (आवाजाचा एक प्रकार) आहे आणि टीव्ही ते घेत नाही (सॅमसंगनं २०१८ पासून टीव्हीतून डीटीएस काढलंय, घरोघरी ही तक्रार असते), किंवा सबटायटल चित्ररूपात आहेत आणि ती व्हिडिओवर छापूनच द्यायची आहेत, असं काही झालं की सर्व्हरला फाइल उकलून परत बांधावी लागते. तिथे पंखा ओरडतो, वॉट वाढतात आणि पिक्चर गोल गोल फिरत बसतो.

तुमच्या घरात फोरके काही नाहीये. एमपेग-१, एमपेग-२, सगळा जुनाच माल. तो एकदाच बसून एच-२६४ आणि एएसी ऑडिओत एमपी४ करून ठेवा, गेल्या दहा-बारा वर्षांतला कुठलाही टीव्ही, टॅब, फोन तो सरळ वाजवेल. तुम्हाला आचारी नको, वाढपी हवाय. आणि तो जुना आय-३ भंगारात देऊ नका, त्याला डीव्हीडी ड्राइव्ह असेलच, रिपिंग आणि रूपांतर सगळं त्याच्यावर करा आणि काम संपलं की बंद करून ठेवा. चालू असताना ५० वॉट खाल्ले तरी महिनाभराचा प्रश्न आहे.

जेलीफिनच्या डॅशबोर्डवर कोण काय बघतंय तिथे डायरेक्ट प्ले की ट्रान्सकोड हे दिसतं, ट्रान्सकोड असेल तर कारणही लिहिलेलं असतं. पहिल्या आठवड्यात तिथे डोकावत राहा. पुष्कळदा कारण एवढंच निघतं की टीव्हीवरच्या ॲपमध्ये कोणीतरी क्वालिटी कमी करून ठेवलेली असते.

जुनीचकती

आता मी बोलतो, हा माझा प्रांत.

व्हीसीडी : चित्र ३५२ बाय २८८, एमपेग-१, व्हिडिओ १,१५० केबीपीएस, तासाभरापेक्षा थोडं जास्त. आत एमपेगएव्ही नावाचं फोल्डर असतं, त्यात डॅट फाइल. लोक ती नुसती कॉपी-पेस्ट करायला जातात आणि चरा आला की विंडोज मध्येच हात वर करतं. त्याचं कारण असं की व्हीसीडीचा व्हिडिओ ज्या सेक्टरांत असतो त्यात डेटा सीडीसारखी चूकदुरुस्तीची जास्तीची माहिती ठेवलेलीच नसते, जास्त मिनिटं बसावीत म्हणून ती जागा व्हिडिओलाच दिलेली असते. म्हणून व्हीसीडीएक्सरिप नावाचं छोटं प्रोग्राम वापरा, ते चकतीवरून सरळ एमपीजी काढून देतं. एका ड्राइव्हनं वाचली नाही तर दुसऱ्या ड्राइव्हवर बघा, लॅपटॉपचे ड्राइव्ह एक चकती नाकारतात आणि डेस्कटॉपचा जुना ड्राइव्ह तीच निमूट वाचतो, हे कितीदा तरी पाहिलंय. चकती पुसताना गोल गोल नाही, मधून बाहेर सरळ रेषेत, मऊ सुती फडक्यानं.

मोठं करायच्या भानगडीत पडू नका. ३५२ चं १०८० केलं की नवीन काही दिसत नाही, फाइल फक्त फुगते. मोठं करायचं काम टीव्ही करतोच.

लग्नाची डीव्हीडी : ही मुळात व्हीएचएसवरून आलीय म्हणजे इंटरलेस्ड असणार, ७२० बाय ५७६, सेकंदाला ५० अर्ध्या चौकटी. रूपांतर करताना डीइंटरलेस केलं नाही तर अक्षता टाकणाऱ्या प्रत्येक हाताला कंगव्याचे दात फुटलेले दिसतात. हँडब्रेक या रूपांतराच्या सॉफ्टवेअरमध्ये डीइंटरलेसला "बॉब" निवडा म्हणजे ५० च्या ५० मिळतात, हालचाल व्हीएचएससारखीच मऊ राहते. बहुतेक लोक २५ वर आणून ठेवतात आणि मग वरात धक्के खात चालते.

आणि एक, मूळ काढलेली फाइल फेकू नका. अख्खी व्हीसीडी ७०० एमबीच्या आसपास, डीव्हीडी फार तर ४.७ जीबी. रूपांतरित वेगळ्या फोल्डरात, मूळ वेगळ्या.

रुमालवाला

हा प्रतिसाद वेगळा धागा काढण्याच्या लायकीचा आहे. वाखुसाआ (वाचनखूण साठवली आहे).

संपादक

सूचना : स्वतःच्या चकत्या घरच्यांसाठी उतरवून घेण्यापुरतीच चर्चा ठेवावी. अमुक नाटक कुठून उतरवता येईल छापाचे दोन प्रतिसाद काढले आहेत.

खडूसमास्तर

दोनातला एक माझा नव्हता, आधीच सांगतो.

वाशिष्ठी

साठवणीवर कोणीच बोललं नाही अजून म्हणून लिहिते. हळदीपेठ, तुमचा हिशोब मीच करते. खोकाभर व्हीसीडी धरल्या तरी तीस-चाळीस जीबी, डीव्हीडी अजून तेवढंच, कीर्तनं किरकोळ, राहिले फोटो. फोन सगळे मिळून समजा चारशे-पाचशे जीबी. म्हणजे सगळा संसार एक टीबीत मावतो, वाढीला दोन टीबी घ्या. एवढ्यासाठी साडेतीन इंची फिरती डिस्क चोवीस तास लावायची काही गरज नाही, ती फिरत असताना चार-पाच वॉट एकटीच खाते, म्हणजे तुमच्या सर्व्हरच्या निम्म्याएवढं. दोन टीबीची एसएसडी लावा, रिकामी बसलेली असताना एक वॉटच्या आत, आवाज नाही, हादरा नाही.

फिरती डिस्क घ्या ती बॅकअपला. महिन्यातून एकदा जोडा, कॉपी करा, काढून कपाटात. बॅकअपला एसएसडी नको, वीज न देता वर्षानुवर्षं कपाटात ठेवली तर तिच्यातला चार्ज गळू शकतो.

आणि हे कपाट त्याच घरातलं नको. मी चिपळूणची आहे. २२ जुलै २०२१ ला गावात जे पाणी शिरलं त्यात तळमजल्यावरचं काय काय गेलं ते आम्हाला विचारा. फ्रिज परत आला, अल्बम नाही आले. तुमच्या सांगलीनं तर २००५, २०१९, २०२१ तिन्ही पाहिलेत, तुम्हाला मी काय सांगू. एक डिस्क मावशीकडं, मामाकडं, कुठंही चढावरच्या घरी ठेवा.

विंडोज_अठ्ठ्याण्णव

त्यापेक्षा रेड-१ करा ना दोन डिस्कचं, आपोआप दोन प्रती होतात.

वाशिष्ठी

दोन्ही डिस्क एकाच डब्यात, एकाच पाण्यात. शिवाय चुकून एखादं फोल्डर उडवलंत तर दोन्हीकडून त्याच क्षणी उडतं. डिस्क बिघडली तरी काम थांबू नये यासाठी रेड असतं, दुकानाला ठीक आहे. तुमचं नाटक एक दिवस बंद राहिलं तर काय बिघडणार आहे?

ऑरेंजसिटी

वाशिष्ठीताईंना +१. ज्यांना चार-आठ टीबी लागतंच आणि फिरती डिस्क लावायचीच आहे त्यांच्यासाठी थोडं. सर्व्हरची सिस्टिम, डेटाबेस, पोस्टर हे सगळं एसएसडीवर ठेवा आणि डिस्कवर फक्त मीडिया, म्हणजे कोणी बघत नसेल तेव्हा डिस्क झोपू शकते. झोपवायला एचडीपार्म आहे, पण यूएसबीच्या पेटीतल्या बऱ्याच डिस्क त्याचं ऐकत नाहीत, तिथं एचडी-आयडल लावा. पाच मिनिटांवर ठेवू नका बरं, सारखं झोप-ऊठ करूनही डिस्क लवकर जाते, अर्धा तास बरा.

बाकी आमच्याकडं नागपुरात मे महिन्यात ४५ च्या वर जातं. टीव्हीखालच्या बंद काचेच्या कपाटात सर्व्हर ठेवला तर पाय ८० अंशांला पोचून स्वतःच वेग कमी करतो. उघड्यावर ठेवा, सेट टॉप बॉक्सच्या डोक्यावर नको.

लोडशेडिंग

लाइटचं : घरी इन्व्हर्टर असेल तर मागं यूपीएस मोडचा स्विच असतो, तो चालू आहे का बघा, नाहीतर बदल होताना छोटे पीसी रीस्टार्ट होतात. इन्व्हर्टर नसेल तर राउटरसाठी मिळतो तो १२ व्होल्टचा मिनी यूपीएस बरेच एन-१०० वाले चालवतो, फक्त आपल्या अडॅप्टरवर १२ व्होल्टच लिहिलंय ना आणि अँपिअर किती ते वाचून घ्या, काही १९ व्होल्टचे येतात. बायॉसमध्ये "वीज आली की आपोआप चालू" असा पर्याय असतो तो लावा, म्हणजे बाबांना बटण शोधावं लागणार नाही. डिस्क एनटीएफएस (विंडोजची फाइल ठेवायची पद्धत) नको, ईएक्सटी४ (लिनक्सची) करा, अर्ध्यात लाइट गेली तरी सावरते.

नेकारतीरी

स्टुटगार्टवाल्या ताईंसाठी, मीही तिथलाच. भारतातल्या बऱ्याच फायबर जोडण्यांना स्वतंत्र सार्वजनिक आयपी नसतो, एका आयपीमागे अनेक घरं, त्यामुळे राउटरमध्ये पोर्ट उघडून काही होत नाही. आणि होत असलं तरी जेलीफिन असं उघड्यावर ठेवू नका. टेलस्केल (दोन यंत्रांना खासगी वाटेनं जोडणारं व्हीपीएन) घाला सर्व्हरवर आणि ताईंच्या फोनवर, ते आतून वायरगार्ड हे व्हीपीएनच आहे, घरगुती वापराला फुकट. थेट जोडणी जमली तर मस्त चालतं, नाही जमली तर त्यांच्या रिलेवरून जातं आणि तेव्हा हळू होतं. तुमची नाटकं दीड-दोन एमबीपीएसची, ती रिलेवरूनही निघून जावीत.

टीव्हीवर हे करायला जाऊ नका मात्र, सासरच्या टीव्हीवर टेलस्केल घालता घालता रविवार जातो. सरळ पुढच्या वेळी ताई आल्या की बॅकअपच्या डिस्कची एक प्रत त्यांच्यासोबत द्या. वाशिष्ठींची बाहेरच्या घराची अटही पुरी झाली, आणि स्टुटगार्टपर्यंत कृष्णा येत नाही.

पायथागोरस

फोटोंसाठी इमिच बघा, फोनमधून आपोआप चढवतं आणि चेहरे ओळखून गट करतं. त्यासाठी मात्र पाय सोडा, मीच सांगतो. रॅम सहा-आठ जीबी हवी आणि पहिल्यांदा सगळे फोटो चाळताना रात्र रात्र घेतं.

सर्किटकाकू

पायथागोरसनी पाय सोडा म्हटलं, आज काय दिवस आहे!

हळदीपेठ (धागाकर्ता)

सगळ्यांचे मनापासून आभार. एन-१०० चा ८ जीबीवाला घेतला, दोन टीबीची एसएसडी, डेबियन लिनक्स, त्यावर डॉकरमध्ये (प्रोग्राम वेगवेगळ्या कप्प्यांत चालवायची सोय) जेलीफिन आणि इमिच. स्मार्ट प्लगवर बघतो तर नुसता असताना ७ ते ८ वॉट, दोन्ही टीव्हीवर एकदम लावलं तरी १० च्या पुढं जात नाही. सगळं डायरेक्ट प्ले. बाबांना आकडा दाखवला, ते म्हणाले देवघरातला झिरोचा बल्ब पंधराचा आहे. विषय संपला.

आता दोन अडचणी. एक, नाटकांना कसलीतरी परदेशी पोस्टरं येतायत, एका कौटुंबिक नाटकावर बंदूकवाला माणूस आहे. दोन, आय-३ वरून कॉपी करताना काही फाइलींना नाव फार लांब आहे म्हणतो. विंडोजवर तर तीच नावं चालत होती?

सर्किटकाकू

पोस्टरचं सोपं आहे. लायब्ररी "मूव्हीज" प्रकारची केली असणार, म्हणून तो नावावरून इंटरनेटवर जवळपासचं काहीतरी शोधून आणतो. नाटकं, मुंज, लग्न हे सगळं "होम व्हिडिओज आणि फोटोज" प्रकारात टाका, तिथं तो शोधायलाच जात नाही. व्हीसीडीच्या कव्हरचा फोटो काढून फाइलच्याच नावानं शेजारी ठेवा, तो दिसेल.

जुनीचकती

नावाचं मी सांगतो. विंडोज अक्षरं मोजतं, २५५ पर्यंत चालतात. ईएक्सटी४ बाइट मोजतं, तिथंही मर्यादा २५५ च, पण देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं आणि काना, मात्रा, वेलांटी, हलन्त ही सगळी वेगळी चिन्हं. म्हणजे जेमतेम ८५ चिन्हं बसतात. काय नाव दिलंयत एवढं?

हळदीपेठ (धागाकर्ता)

"काकांचे कीर्तन पूर्वरंग आणि उत्तररंग श्रीगणपती मंदिर माघ उत्सव तिसरा दिवस तबल्यावर शेजारचे देशपांडे (आवाज सुरुवातीला कमी आहे नंतर वाढतो)". बाबांनी दिलंय.

जुनीचकती

हे नाव अजिबात फेकू नका. "कीर्तन माघ उत्सव दिवस ३" एवढंच फाइलला ठेवा आणि बाबांचं अख्खं वाक्य एमपी३ च्या आतल्या शीर्षकाच्या टॅगमध्ये घाला, तिथं लांबीला एवढी अडचण नाही, आणि जेलीफिन दाखवताना तेच दाखवतं.